लपवण्यासारखे आहे काय? : खासगीपणा, न्याय आणि रोजच्या कटकटींविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोसायटीच्या जिन्यात, झेरॉक्सच्या दुकानात आणि लग्नाच्या पंगतीत गेली काही वर्षे मला तेच तेच प्रश्न विचारले जात आहेत. प्रत्येकाला वेगळे उत्तर देण्याचा कंटाळा आल्यामुळे ती एकत्र लिहून ठेवली आहेत. कायद्याचे तपशील कायद्याचे आहेत, मते मात्र माझी आहेत, आणि ती कोणी न विचारता दिली जातील.

मी काही गुन्हा केलेला नाही. मग मला खासगीपणा हवाच कशाला?

हा प्रश्न विचारणारे गृहस्थ आपला पगार सख्ख्या भावालाही सांगत नाहीत, घरातले सोने तांदळाच्या डब्यात ठेवतात आणि मुलीचे स्थळ पक्के होईपर्यंत शेजाऱ्यांना त्याचा सुगावा लागू देत नाहीत. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण ज्या भाषेने घडवली, त्या भाषेत हा प्रश्न इतक्या सहजपणे विचारला जावा याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

शिवाय गुन्हा न केल्याने पाळत टळते हा समज इतिहासाला मान्य नाही. उत्तर प्रदेशातील खडक सिंग यांच्यावर १९४१ मध्ये दरोड्याचा आरोप झाला, पुराव्याअभावी ते सुटले आणि तरीही पोलिसांनी त्यांच्या नावाचा कागद उघडाच ठेवला. रात्री-अपरात्री दार ठोठावून ‘घरी आहात ना’ अशी चौकशी होत राहिली. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९६२ मध्ये या रात्रीच्या भेटी घटनाबाह्य ठरवल्या. पण खासगीपणाची हमी आपल्या घटनेत नाही असे सांगून बाकीची पाळत चालू राहू दिली. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी मात्र भिन्न मत नोंदवले आणि ज्याच्या मागावर कायम कोणीतरी आहे तो माणूस मोकळा नसतो, अशा आशयाची भूमिका घेतली. ती भूमिका न्यायालयाची भूमिका व्हायला ५५ वर्षे लागली. आपल्याकडे दिवाणी दावेही इतकी वर्षे चालतात, त्यामुळे यात फार उशीर झाला असे म्हणता येणार नाही.

खासगीपणा हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे ना? आमच्या चाळीत तर कोणी दारसुद्धा लावत नसे.

शब्दापासून सुरुवात करू. ‘खासगी’ हा शब्द मराठीत फारसीमार्गे आला आणि इतका रुळला की होळकरांच्या राज्यात ‘खासगी’ आणि ‘दौलत’ असे दोन स्वतंत्र हिशेब असत. एक राजघराण्याचा आणि दुसरा राज्याचा. आपले कोणते आणि सरकारचे कोणते, याची रेघ आखण्यासाठी आपल्याला विलायतेहून कोणी पट्टी पाठवलेली नव्हती.

आता चाळीबद्दल. चाळीत सगळ्यांना सगळे माहीत असे हे खरे आहे, पण तो उघडेपणा दुतर्फा होता हे आपण विसरतो. शेजारच्या काकूंना आमच्याकडे किती पाहुणे आले हे कळत असे, तसे त्यांच्याकडे कोणत्या कारणावरून भांडण झाले हे आम्हालाही ऐकू येत असे. परस्परांची गुपिते परस्परांकडे गहाण असल्यामुळे दोन्ही बाजू जपून बोलत. आज ज्याला माझा पत्ता, खरेदी, हृदयाचे ठोके आणि रात्री किती वाजता जाग येते हे ठाऊक आहे, त्याचे नावही मला ठाऊक नसते. त्याच्या घरातले भांडण मला कधीच ऐकू येणार नाही. माझी तक्रार उघडेपणाबद्दल नाहीच, तो एकतर्फी झाला याबद्दल आहे, आणि पुढील बहुतेक उत्तरे याच तक्रारीची शाखा आहेत.

२०१७ च्या निकालाने नेमके काय मिळाले?

कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये, वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावर, आधार योजनेविरुद्ध याचिका दाखल केली. सुनावणीत सरकारने १९५४ आणि १९६२ च्या जुन्या निकालांकडे बोट दाखवून मूलभूत हक्कांत खासगीपणा बसत नाही असे म्हटले, आणि १९५४ चे खंडपीठ आठ न्यायाधीशांचे असल्यामुळे नऊ जणांचे खंडपीठ बसवावे लागले. त्या नऊ जणांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले की खासगीपणा हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काचा भाग आहे. खासगीपणा हे सुखवस्तू लोकांचे चोचले आहेत, हा युक्तिवादही तेथे टिकला नाही.

याच निकालात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी आणीबाणीतील १९७६ चा जबलपूर खटल्याचा, म्हणजे स्थानबद्धांना न्यायालयात दाद मागण्याचा हक्क नाकारणारा, निकाल चुकीचा ठरवला, ज्यात बहुमताच्या बाजूने त्यांचे वडील यशवंतराव चंद्रचूड होते. मराठी घरात वडिलांचे चुकले असे म्हणायला धैर्य लागते. येथे ते शेकडो पानी निकालपत्रात छापून आले.

व्यवहारात मिळाली ती एक कसोटी. सरकारला आपल्या आयुष्यात डोकवायचे असेल तर त्याला कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा आणि डोकावणे हेतूच्या प्रमाणात हवे. डास मारण्यासाठी भिंत पाडू नये, इतकेच यात सांगितले आहे.

मग आधार प्रत्येक ठिकाणी का मागतात? ते ऐच्छिक झाले ना?

झाले. २६ सप्टेंबर २०१८ रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने आधार कायदा टिकला, परंतु बँक खाते आणि मोबाइल यांना आधार जोडण्याची सक्ती रद्द झाली, खासगी कंपन्यांना दार बंद झाले आणि पॅनची व सरकारी अनुदानांची जोडणी तेवढी राहिली. त्यानंतर २०१९ च्या दुरुस्तीने ग्राहकाने स्वखुशीने आधार दिल्यास बँका आणि मोबाइल कंपन्यांनी ते घ्यावे अशी वाट काढून दिली. शाळेच्या इमारत निधीची पावती ज्या अर्थाने ‘ऐच्छिक देणगी’ असते, त्या अर्थाने आधार तेव्हापासून ऐच्छिक आहे.

आधारची झेरॉक्स देणे धोक्याचे आहे का?

या प्रश्नावर खुद्द सरकारने दोन दिवसांत दोन उत्तरे दिली आहेत. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू येथील कार्यालयाने पत्रक काढून सांगितले की झेरॉक्स कोणालाही देऊ नका, तिचा गैरवापर होऊ शकतो. लोक घाबरले, कारण तोवर देशातील प्रत्येक लॉजच्या खणात त्यांच्या प्रती जाऊन पडल्या होत्या. मग मंत्रालयाने ते पत्रक मागे घेतले आणि नेहमीचे तारतम्य बाळगा असे सांगितले. आग लागली आहे असे ओरडून नंतर ‘नेहमीप्रमाणे श्वास घ्या’ म्हणण्याचा हा प्रकार होता.

पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात दिले गेले. ज्याच्याजवळ कसलाही कागद नाही त्याला एक कागद मिळावा, हा त्यामागचा हेतू चांगला होता. पुढे ज्यांच्याजवळ आधीच पिशवीभर कागद होते त्यांच्या पिशवीत आणखी एक कागद वाढला, आणि उरलेले कागद तो कागद दाखवल्याशिवाय चालेनासे झाले.

उपाय अगदीच नाहीत असे नाही. प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून पहिले आठ अंक झाकलेले, म्हणजे मास्क्ड, आधार उतरवून घेता येते. बोटांच्या ठशांना कुलूप लावता येते. मूळ क्रमांकाऐवजी १६ अंकी आभासी क्रमांक देता येतो. झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर तिरकी सही करून कशासाठी आणि कोणत्या तारखेला दिली हे लिहावे. असे लिहिताना समोरचा कर्मचारी आपल्याकडे संशयाने पाहतो, ते मनावर घेऊ नये. भेळेच्या कागदाच्या आतल्या बाजूला एका अनोळखी गृहस्थाचे नाव, पत्ता आणि जन्मतारीख मी एकदा चिंचेच्या चटणीसकट वाचली आहे. त्यांनी तिरकी सही केली असती तर निदान भेळेच्या गाडीपर्यंतचा मार्ग तरी कळला असता.

दुकानात बिल करताना मोबाइल नंबर द्यावाच लागतो का?

नाही. ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच दुकानदारांना कळवले आहे की नंबर दिल्याशिवाय बिल करणार नाही अशी सक्ती करता येणार नाही. गल्ल्यावरची मुलगी ‘सिस्टीम घेत नाही सर’ असे म्हणेल. तिचे खरे असते, तिची सिस्टीम खरोखरच घेत नाही. म्हणून तिच्याशी वाद न घालता मॅनेजरला बोलवावे. मागे रांग वाढू लागली की सिस्टीम घेऊ लागते.

सोसायटीच्या गेटवर माहिती लिहावी लागते आणि जागोजागी कॅमेरे आहेत. यावर काही इलाज?

आमच्या गेटवर पूर्वी एक जाड वही असे. तीत नाव, फ्लॅट नंबर, मोबाइल नंबर, येण्याची वेळ आणि येण्याचे कारण असे रकाने होते आणि शेवटच्या रकान्यात वर्षानुवर्षे प्रत्येकाने ‘काम’ हा एकच शब्द लिहिलेला होता. वही कोणीही चाळू शकत असे, आणि चाळतही असे; दुसऱ्या मजल्यावरील मुलीला भेटायला कोण येते हे संशोधन त्याच वहीच्या आधारे पूर्ण झाले. पुढे वहीची जागा ॲपने घेतली. त्या वेळी सभेत कोणीही विचारले नाही की ही माहिती कोठे साठते, किती दिवस राहते आणि चाळायला कोणाला मिळते. विचारले गेले ते इतकेच की ॲप फुकट आहे का. फुकट आहे असे कळताच ठराव एकमताने मंजूर झाला.

मला सर्वांत जास्त खटकते ते घरकामाला येणाऱ्या बायकांचे. त्यांचा फोटो, आधार, त्या किती वाजता आल्या, किती घरी गेल्या, सुट्टी किती घेतली, हे सगळे ॲपवर असते. काही ठिकाणी त्यांना तारेही देतात आणि जाताना पिशवी तपासतात. त्यांच्या बाजूने मात्र काहीच दिसत नाही. कोणत्या फ्लॅटमध्ये पगार थकवतात, कोठे पाण्याचा पेलाही वेगळा ठेवतात, याचे तारे देण्याची सोय त्या ॲपमध्ये असती तर आमच्या सोसायटीने ते आदल्याच सभेत असुरक्षित ठरवून काढून टाकले असते.

कॅमेऱ्यांबद्दल : गेट, जिना आणि पार्किंग येथे सभेच्या संमतीने कॅमेरे लावणे साधारणपणे गैर समजले जात नाही. मात्र आपल्या दाराच्या कॅमेऱ्याची नजर समोरच्याच्या दिवाणखान्यात पोहोचत असेल तर ती सुरक्षा राहत नाही. कोलकाता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये एकाच वास्तूत राहणाऱ्या दोघांच्या वादात म्हटले की राहत्या भागात सहरहिवाशाच्या संमतीशिवाय कॅमेरे लावणे हा त्याच्या खासगीपणाचा भंग आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. तेव्हा प्रथम सेक्रेटरींना लेखी पत्र द्यावे आणि पोच घ्यावी. पोच घेतल्याशिवाय महाराष्ट्रात कोणतेही पत्र पोहोचत नाही.

ग्रुपवर कोणी भलतेसलते टाकले तर ॲडमिन तुरुंगात जातो, हे खरे आहे का?

हे ग्रुपवरूनच आलेले असल्यामुळे खरे नसण्याची शक्यता जास्त होती, आणि तसेच निघाले. गोंदिया जिल्ह्यातील एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितले की सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी ॲडमिनला केवळ तो ॲडमिन आहे म्हणून दोषी धरता येत नाही. दोघांनी आधी ठरवून काही केले असेल तर गोष्ट वेगळी. ग्रुप काढणे हा गुन्हा नाही. ‘सुप्रभात’च्या फुलांबाबत न्यायालयाने काही म्हटलेले नाही.

स्वतः लिहिताना मात्र भान ठेवावे, कारण आपल्या राज्याचा यातला अनुभव कडू आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद का, असा प्रश्न फेसबुकवर विचारल्यामुळे पालघरमध्ये दोन तरुणींना अटक झाली; त्यांतील एकीने तर ती टिप्पणी नुसती पसंत केली होती. त्या अटकेवरून माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ हे, ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकुराबद्दल शिक्षा सांगणारे, कलम सर्वोच्च न्यायालयात पोहोचले आणि २४ मार्च २०१५ रोजी संपूर्ण रद्द झाले. कथा येथे संपायला हवी होती, पण संपली नाही. रद्द झालेल्या कलमाखाली ठिकठिकाणी गुन्हे दाखल होतच राहिले आणि २०२१ मध्ये हे ऐकून सर्वोच्च न्यायालयालाच धक्का बसला. आपल्याकडे माणूस मेल्यावर रेशनकार्डावरून नाव कमी व्हायला वेळ लागतो, तसेच कलमांचेही होते असे दिसते.

गणवेशातील ‘अधिकारी’ व्हिडिओ कॉलवर म्हणाला की मला डिजिटल अटक झाली आहे. आता काय करू?

फोन ठेवा. भारताच्या कोणत्याही कायद्यात डिजिटल अटक नावाची गोष्ट नाही. अटक करायला पोलिसांना अजूनही जिना चढावा लागतो. पैसे गेले असतील तर क्षणभरही न थांबता १९३० या क्रमांकावर कळवा, कारण रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्यापूर्वी गोठवली गेली तरच परत मिळण्याची आशा असते.

जाता जाता : १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी न्याय संहिता आल्यामुळे फसवणुकीचे ४२० हे कलम ३१८ झाले आहे. ‘तो मोठा तीनशे अठरा माणूस आहे’ असे कोणी म्हणताना मी अजून ऐकलेले नाही, आणि ऐकायची इच्छाही नाही.

माझा दावा अकरा वर्षे चालू आहे. तारखांना काही मर्यादा असते की नाही?

असते, आणि ती ऐकून आपल्याला हसू येईल. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या १७ व्या आदेशानुसार सुनावणीदरम्यान एका पक्षकाराला तीनपेक्षा अधिक वेळा तहकुबी देता येत नाही. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद वैध ठरवताना, पक्षकाराच्या हाताबाहेरचे कारण असेल तर चौथ्यांदाही तहकुबी देता येईल असे म्हटले. तेव्हापासून आपल्या पक्षकारांच्या हातात फारसे काही उरलेले दिसत नाही. वकिलांचा ताप, साक्षीदाराच्या घरचे लग्न, न्यायाधीश साहेब रजेवर, बोर्ड म्हणजे त्या दिवसाच्या प्रकरणांची यादी मोठी : न्यायालयाच्या रोजनाम्यातील ही कारणे मी इतक्यांदा वाचली आहेत की सगळ्याच दाव्यांचा साक्षीदार एकच असावा आणि त्याच्या घरी बरीच उपवर मुले असावीत, असे वाटू लागते.

देशभरात पाच कोटींहून अधिक प्रकरणे पडून आहेत. यात न्यायाधीशांना दोष देणे सोपे असते; परंतु रिकाम्या जागा, अपुरे कर्मचारी आणि स्वतःच सर्वांत मोठा पक्षकार असलेले सरकार यांकडे पाहिले तर एकट्या साहेबांवर रागावणे अन्यायाचे होईल. तडजोडीची शक्यता असेल तर लोकअदालतीचा विचार करावा. तेथे झालेला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नसते आणि भरलेले न्यायालय शुल्क परत मिळते. भाऊबंदकीच्या दाव्यात मात्र याचा उपयोग होईलच असे नाही, कारण तेथे बांधापेक्षा समोरच्याला हेलपाटे घालायला लावणे हाच दाव्याचा विषय असतो.

नवा डेटा संरक्षण कायदा आला आहे. आता तरी मी सुरक्षित आहे का?

कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि त्यातील मुख्य तरतुदींना आणखी १८ महिन्यांची सवड दिली गेली. पुट्टस्वामींच्या याचिकेपासून मोजल्यास मूल दहावी होईल इतका काळ गेला.

कायद्यात चांगले बरेच आहे. संमती स्पष्ट हवी, ती परत घेता यायला हवी, आपली माहिती दुरुस्त करून किंवा पुसून घेता यायला हवी, आणि सुरक्षेत कसूर करणाऱ्या कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हा आकडा वाचून हरखून जाण्यापूर्वी पुढचे वाचावे. तो दंड भारत सरकारच्या संचित निधीत जमा होतो. ज्याची माहिती फुटली त्याला त्यातून दमडीही मिळत नाही, आणि पूर्वी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३-अ कलमात नुकसानभरपाईची जी वाट होती ती बंद करण्याची तरतूद याच कायद्यात आहे. पाय आपला मोडायचा आणि पेढे तिजोरीने खायचे. शिवाय खोटी किंवा उथळ तक्रार केल्यास नागरिकालाच दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे, आणि सरकारला आपल्याच यंत्रणांना कायद्यातून सूट देण्याचा अधिकार आहे.

या कायद्याचा आणि माहिती अधिकाराचा संबंध काय?

येथे मी हसणे थांबवतो, निदान थोडा वेळ. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या आधी महाराष्ट्राचा स्वतःचा २००२ चा कायदा होता आणि त्यामागे अण्णा हजारे यांचे आंदोलन होते, त्यामुळे हा विषय आपल्या घरचा आहे. २००५ च्या कायद्यात कलम ८(१)(ञ) मध्ये एक समतोल होता. व्यक्तिगत माहिती नाकारता येत असे, परंतु तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नसेल किंवा ती दिल्याने कोणाच्या खासगीपणावर विनाकारण आक्रमण होणार असेल तरच. शिवाय जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारू नये, असे सांगणारे एक सुंदर वाक्य तेथे होते. नव्या डेटा कायद्याने या सगळ्या अटी काढून टाकल्या आणि व्यक्तिगत माहिती म्हणजे सूट, एवढेच ठेवले. व्यापक लोकहिताचे ८(२) हे कलम शिल्लक आहे, पण लोकहित सिद्ध करण्याचे ओझे आता अर्जदाराच्या खांद्यावर येते.

पुट्टस्वामी खटल्यात नागरिकाने सरकारपुढे मिळवलेली ढाल अशा रीतीने सरकारी साहेबांच्या हातात गेली. माझा चेहरा, ठसे आणि फोन त्यांना दिसतात. त्यांची बिले, पदव्या आणि सह्या मला दिसत नाहीत. चाळीतला दुतर्फा उघडेपणा थोडाफार उरला होता तो या एका कलमात.

मग माहिती अधिकारात अर्ज करावा की नको?

अवश्य करावा. दहा रुपयांत सरकारला लेखी उत्तर द्यायला लावण्याची दुसरी सोय उपलब्ध नाही. कलम ६(२) नुसार माहिती कशासाठी हवी हे सांगण्याचे आणि संपर्कापलीकडे स्वतःचा कोणताही तपशील देण्याचे बंधन अर्जदारावर नाही, हे पाठ करून जावे.

मी गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या वॉर्डातील एका रस्त्याविषयी असा अर्ज घेऊन गेलो होतो. ठेकेदाराला बिल कोणी मंजूर केले, एवढाच प्रश्न होता. खिडकीतील कर्मचाऱ्याने तो दोनदा वाचला, कशासाठी हवे असे विचारले आणि सोबत आधारची झेरॉक्स जोडायला सांगितली. मी ६(२) वाचून दाखवले. त्याने ते शांतपणे ऐकले, अर्जावर शिक्का मारला आणि पोच दिली. महिन्याने उत्तर आले की मागितलेली माहिती व्यक्तिगत स्वरूपाची आहे. प्रथम अपील दाखल करण्यासाठी पुन्हा गेलो, तेव्हा फाटकावर नवी वही ठेवलेली होती. रांग मोठी होती आणि पाऊस भुरभुरत होता. मी नाव लिहिले, मोबाइल नंबर लिहिला, आणि येण्याच्या कारणाच्या रकान्यात ‘काम’ असे लिहून आत गेलो.